मसालेदार चॉकलेट चिप कुकीज : वेलची-जायफळ नको, मग काय घालावं?

खडीसाखर :

साध्या चॉकलेट चिप कुकीजच्या पाककृती इथे ढिगाने आहेत, त्यात भर घालायची नाहीये. हा धागा फक्त मसाल्यांसाठी. गोड पदार्थात मसाला म्हटलं की आपला हात थेट वेलची-जायफळाच्या डबीकडे जातो. मग ओव्हन उघडला की घरभर पुरण शिजल्याचा वास. आमच्याकडे तर "छान झाल्यात, पण आज होळी आहे का?" असं विचारलं गेलंय. वेलची-जायफळाशी माझं काही वैर नाही. पण ही जोडी पुरणपोळीशी आणि श्रीखंडाशी इतकी बांधलेली आहे की तिच्यापुढे चॉकलेटची चव लागतच नाही, आणि महागाचं चॉकलेट फुकट जातं.

माझं मत असं की दालचिनी, सुंठ आणि मिरी घ्यावी, लवंग-जायफळ नावापुरतं, वेलची अजिबात नको. दुसरं म्हणजे मसाला मैद्यात चाळून घालू नये, गरम बटरमध्ये घालावा. या दुसऱ्या गोष्टीने जास्त फरक पडतो.

साधारण वीस कुकीजसाठी : मैदा १८० ग्रॅम (दीड कप), बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम (अर्धा कप), ब्राऊन शुगर ११० ग्रॅम (अर्धा कप), साधी साखर ५० ग्रॅम (पाव कप), एक अंडं, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ त्याहून किंचित कमी, डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, सुरीने ओबडधोबड चिरून. मसाला म्हणजे दालचिनी पूड एक टीस्पून, सुंठ पाऊण, ताजी भरडलेली मिरी पाव, एक लवंग कुटून, आणि जायफळ किसणीवर एकदोनदा फिरवायचं, बास.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात बटर मंद आचेवर ठेवा. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही. आधी तडतड आवाज येतो, फेस येतो. पाणी उडून गेलं की आवाज मंदावतो आणि तळाशी बेरी दिसायला लागते. तूप कढवणाऱ्यांना हे सांगायला नको. बेरी तांबूस झाली की गॅस बंद. मात्र तूप गाळतो तसं हे गाळायचं नाही, बेरी आपल्याला हवीच आहे. मिनिटभर थांबा आणि सगळा मसाला आत टाका. गॅस चालू असताना टाकलात तर पूड जळून कडू होते. मसाल्यातले सुगंधी घटक पाण्यापेक्षा स्निग्धात चांगले विरघळतात. आपण फोडणी करतो ती यासाठीच, मग कुकीजचा मसाला कोरडा का ठेवायचा?

बटरमधलं पाणी उडालेलं असतं, म्हणून एक टेबलस्पून दूध घालते. मिश्रण घट्टसर होईपर्यंत गार करायचं, दोन्ही साखरा घालून फेटायचं, मग अंडं, मग मैदा-सोडा-मीठ, शेवटी चॉकलेट. गोळा झाकून फ्रीजमध्ये किमान तासभर, रात्रभर ठेवला तर उत्तम. ३० ग्रॅमचे गोळे, मधे अंतर सोडून, १७० अंशांवर अकरा-बारा मिनिटं. कडा धरलेल्या आणि मध्य कच्चा वाटेल अशा अवस्थेतच बाहेर काढायच्या. ट्रेवर पाच मिनिटं राहिल्या की सेट होतात.

तुम्ही कुठले मसाले घालता? वेलचीवाल्यांनीही आपली बाजू मांडावी.

तीन_शिट्ट्या :

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! पण फोटोशिवाय पाककृती ग्राह्य धरली जात नाही, हे ठाऊक आहे ना?

खडीसाखर :

लेकाच्या मोबाइलात आहेत. तो उठला की टाकते.

पाटावरवंटा :

वेलचीच्या बाजूने मी आहे. वेलची जास्त पडली तर श्रीखंड होतं, हे मान्य. पण वीस कुकीजना दोन वेलच्यांचे दाणे, तेही पूड न करता नुसते ठेचून घातले, तर मधेच एखाद्या घासाला लागतात आणि फार छान लागतात. बंदी कशाला? आणि वेलचीची तयार पूड वापरत असाल तर दोष वेलचीचा नाही. सालासकट दळलेली ती पूड बरणी उघडल्यावर आठवड्याभरात भुसा होते.

बर्लिनकर_बाई :

पाटावरवंटाला +१. स्वीडनमध्ये तर गोड पावात सर्रास वेलची असते, इथल्या स्वीडिश बेकरीतही मिळतो तो. तिथल्या लोकांना त्या वासाने श्रीखंड आठवत नाही, त्यांना सकाळची कॉफी आठवते. म्हणजे प्रश्न वेलचीचा नाही, आपल्या सवयीचा आहे.

पण खडीसाखर, तुझ्या मिरीला माझा पूर्ण पाठिंबा. जर्मनीत ख्रिसमसच्या सुमाराला फेफरन्युसे नावाची छोटी गोल मसाल्याची बिस्किटं मिळतात, नावातच मिरी आहे. न्यूरेंबर्गचे लेबकुखन तर प्रसिद्धच. त्यात दालचिनी, लवंग, जायफळ, वेलची, बडीशेपेच्या जातीचं अ‍ॅनिस आणि चक्क धणे असतात! धण्याची पूड चॉकलेटबरोबर किती बरी लागते ते करून बघ. अर्धा टीस्पून, आधी कोरडी भाजून.

एक सूचना दालचिनीबद्दल. बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया असते. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. म्हणून युरोपीय संघाने बेकरीच्या पदार्थांना मर्यादा घातली आहे, साध्या पदार्थांत किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि दालचिनीच्या सणासुदीच्या पारंपरिक पदार्थांत ५०. यावरून २०१३च्या सुमाराला डेन्मार्कमध्ये दालचिनीच्या रोलवरून मोठा गहजब झाला होता. वीस कुकीजना एक टीस्पून म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. लहान मुलांना रोज डबाभर देऊ नका, इतकंच.

दापोलीचा_वारा :

बर्लिनकर बाईंनी चांगला मुद्दा काढला. ओळखायची सोपी खूण सांगतो. कॅसियाची साल जाड, एकाच थराची, लाकडासारखी कडक असते. खरी दालचिनी पातळ असते, सिगारसारखी थरावर थर गुंडाळलेली, बोटांनी चुरता येते. आमच्या कोकण कृषी विद्यापीठाने खऱ्या दालचिनीची 'कोकण तेज' ही जात काढलेली आहे, इकडे नारळी-पोफळीच्या बागांतून लावतात. जायफळाच्याही त्यांच्या जाती आहेत, 'कोकण सुगंधा' आणि 'कोकण स्वाद'. कोकणात आलात तर बागायतदाराकडून थेट घ्या आणि पूड घरी करा.

पण खरं सांगू का, कुकीजना मला कॅसियाच आवडते. खरी दालचिनी नाजूक, गोडसर, ती चॉकलेटसमोर टिकत नाही. ती चहाला आणि खिरीला ठेवा. आणि जायफळाऐवजी जायपत्री वापरून बघा, पाव टीस्पूनही पुरे. वास जायफळाचाच, पण पुरणाची आठवण कमी.

पंचगंगातीर :

ब्राऊन शुगर आमच्याकडे मोठ्या दुकानातच मिळते आणि किंमत बघून परत ठेवावी लागते. उपाय काकवी. ब्राऊन शुगर म्हणजे तरी काय, साखरेला परत लावलेली मळी. फिक्कट ब्राऊन शुगरमध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास, गडदमध्ये साडेसहा. काकवी चवीला मळीपेक्षा सौम्य, म्हणून थोडी सढळ हाताने घ्यायची. ११० ग्रॅम साखर मिक्सरमधून अर्धवट फिरवून घ्या, रवाळ राहिली पाहिजे. त्यात दोन-अडीच टीस्पून काकवी घालून बोटांनी चोळा. ओलसर वाळूसारखी झाली की झाली ब्राऊन शुगर.

कृपा करून कारखान्याची मळी आणायला जाऊ नका. ती आसवनीला जाते, माणसाच्या खाण्यासाठी नसते. हे लिहायची गरज आहे, कारण एका पाहुण्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं.

आणि गुळाबद्दल : कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आम्हाला अभिमान आहे, तरीही किसलेला गूळ कुकीजमध्ये नको. खडे नीट विरघळत नाहीत, ओल कमीजास्त असते आणि जुना गूळ खारवट लागतो. घालायचाच तर कोरडी गूळ पावडर, तीही फक्त ब्राऊन शुगरच्या जागी. साधी साखर तशीच ठेवा, नाहीतर कडा कुरकुरीत होत नाहीत.

शाकाहारी_मांजर :

अंडं चालत नाही आमच्याकडे. काय करू? दही?

खडीसाखर :

दह्याने कुकीज केकासारख्या फुगतात, मला नाही आवडत. एका अंड्याऐवजी तीन टेबलस्पून दूध आणि एक टीस्पून कॉर्नफ्लोअर घे. आणि वर लिहिलेलं एक टेबलस्पून दूध मग वगळ. दुसरा पर्याय जवस. एक टेबलस्पून पूड तीन टेबलस्पून कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, बुळबुळीत होते. साध्या कुकीजमध्ये जवसाचा वास कळतो, पण या मसाल्यात लपून जातो.

तीन_शिट्ट्या :

मैद्याऐवजी कणीक घेतली तर? घरात मैदा आणायला बंदी आहे.

पाटावरवंटा :

निम्मी निम्मी घे. गिरणीतून आणलेली कणीक पाणी जास्त ओढते, म्हणून पूर्ण कणकेच्या कुकीज पसरत नाहीत, गोळे तसेच्या तसे भाजून निघतात. पूर्ण कणीकच घ्यायची असेल तर १८० ऐवजी १६० ग्रॅम घे आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. नाचणीही छान लागते चॉकलेटबरोबर, पण पाव भागापेक्षा जास्त नको. तिच्यात ग्लूटेन नाही, उचलताना तुकडे होतात.

ओटीजीग्रस्त :

माझ्याकडे छोटा ओटीजी, म्हणजे सळयांचा विजेवरचा ओव्हन, आहे. कुकीज खालून काळ्या आणि वरून पांढऱ्या. तापमान कमी केलं तर पसरून चकत्या होतात. मसाल्याच्या आधी हे निस्तरायला मदत करा.

भट्टीकर :

आमच्या घरी बेकरी होती, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. दुसरं, लाल दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही. आतली हवा तापते, भिंती तापत नाहीत. दरवाजा उघडला की ती हवा बाहेर. पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. तिसरं, ओव्हनसोबत येणारा तो काळा ट्रे कुकीजसाठी वापरू नका. काळा पत्रा उष्णता जास्त ओढतो आणि तळ करपतो. फिक्या रंगाचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे घ्या, त्यावर बटर पेपर. तरी करपलं तर एकाखाली एक दोन ट्रे ठेवा. जाळी मधल्या खाचेत, दोन्ही सळया चालू.

पसरण्याचं म्हणाल तर कारण बहुतेक गोळ्याचं तापमान. मुंबईसारख्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये गोळे वळेवळेपर्यंत बटर पातळ होतं. वळल्यावर ट्रेसकट दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा. घरचं लोणी वापरत असाल तर त्यात ताकाचा अंश आणि पाणी कमीजास्त असतं. खडीसाखरताईंच्या पद्धतीने कढवून घेतलं की ती अडचण उरत नाही, पाणी उडूनच जातं. मात्र लोण्यातून निघणारी बेरी बाजारच्या बटरपेक्षा आंबूस असते. मला आवडते, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

कोणी विचारायच्या आत सांगतो, नुसतं तूप घालू नका. तूप म्हणजे निव्वळ स्निग्ध, पाणी नाही आणि बेरीही गाळून गेलेली. त्याची खुसखुशीत नानकटाई होते, चिवट-मऊ कुकी होत नाही. पूर्वी दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्याकडे रांग लागायची. लोक घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांतून घेऊन यायचे आणि नानकटाई भाजून न्यायचे. प्रत्येक डब्याचं तूप वेगळं आणि वास वेगळा. वडील डब्याचं झाकण उघडून सांगायचे, हिचं तूप जुनं आहे, वेलची दुप्पट घातलीय. वेलची खूप घालायची सवय कुठून आली याचं एक उत्तर कदाचित तिथे असेल!

ओटीजीग्रस्त :

भट्टीकर दादा, दंडवत. काळा ट्रे आजच माळ्यावर.

नवी_सून :

ओव्हनच नाही. कुकरमध्ये होतील का?

भट्टीकर :

होतात, पण कुकरपेक्षा जुनी जाड कढई बरी. रिकामा कुकर बराच वेळ तापवून खराब होतो, आणि तरी वापरलाच तर शिट्टी आणि रबर काढल्याशिवाय अजिबात नाही. कढईत जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, दहा मिनिटं तापवून मग ताटली आत. गॅस अगदी बारीक. पंधरा ते वीस मिनिटं लागतात. वरून रंग येत नाही कारण वरची धग नसते, त्यामुळे रंगाची वाट बघत बसू नका, कडेला बोट लावून बघा. कढईसाठी गोळे थोडे चपटे करा.

टेक्सासची_माहेरवाशीण :

उशिरा येतेय, पण या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. चॉकलेट आणि मसाला ही जोडी मुळात मेक्सिकोची. तिकडच्या प्राचीन संस्कृतींत कोकोच्या पेयात मिरची आणि व्हॅनिला घालत, दालचिनी पुढे स्पॅनिश लोकांबरोबर आली. माझ्या घराजवळच्या मेक्सिकन दुकानात जाडसर चॉकलेटच्या गोल वड्या मिळतात, आतच दालचिनी आणि रवाळ साखर. शेजारी पिलोन्सियो नावाच्या गुळाच्या शंकू आकाराच्या छोट्या ढेपा. आणि त्यांची दालचिनी तीच, दापोलीवाल्यांनी सांगितली ती पातळ थरांची. दुकानात उभं राहिलं की माहेरच्या वाण्याकडे गेल्यासारखं वाटतं.

तेव्हा सुचवणी : मिरीच्या जोडीला लाल तिखट. ब्याडगी मिरची घ्या, रंग येतो आणि जहाल नसते. पाव टीस्पून, तेही बाकीच्या मसाल्याबरोबर गरम बटरमध्ये. संकेश्वरी नको, पाहुणे पाणी मागतील.

जुनी_खोड :

त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. दोन घातलीत तर तिसरी का सोडलीत? पिंपळी टाका म्हणजे कुकीज खोकल्यावरही चालतील.

खडीसाखर :

काका, मग मधाबरोबर चाटण म्हणून द्यावं लागेल!

तीन_शिट्ट्या :

अवांतर : या कुकीजचा शोध चुकून लागला ना? बाईंना वाटलं चॉकलेट वितळून सगळीकडे पसरेल आणि ते तुकडेच राहिले, असा एक निरोप फिरतोय.

टेक्सासची_माहेरवाशीण :

ती दंतकथा आहे. रूथ वेकफील्ड यांचं मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी टोल हाऊस नावाचं हॉटेल होतं. त्या गृहशास्त्र शिकलेल्या, स्वयंपाकात मुरलेल्या बाई. चॉकलेट केव्हा वितळतं आणि केव्हा नाही हे त्यांना कळत नव्हतं, यावर विश्वास बसत नाही. १९३०च्या दशकात त्यांनी विचार करूनच ही कुकी बसवली. तेव्हा चिप्स नव्हत्याच, त्या चॉकलेटची वडी फोडून तुकडे घालत. म्हणजे खडीसाखर सुरीने चिरते ते मूळ पद्धतीला धरूनच आहे. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ही राज्याची अधिकृत कुकी ठरवली. मसाला मात्र त्यात नव्हता, तो आपला आगाऊपणा.

पाटावरवंटा :

चॉकलेटवरूनही दोन शब्द. पाकिटावर "कंपाउंड" लिहिलेलं असेल तर त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं. गार झाल्यावर टाळूला मेणचट लागतं आणि मसाल्याचा वास अडकल्यासारखा होतो. मागची यादी वाचा, कोको बटर लिहिलेलं हवं. केक सजवायला कंपाउंड ठीक आहे, इथे नको. चिप्सही आकार टिकवण्यासाठीच बनवलेल्या असतात, वडी चिरली तर चॉकलेटची तळी होतात आणि चुराही पिठात मिसळतो.

शाकाहारी_मांजर :

कालच केल्या, दूध-कॉर्नफ्लोअर घालून. झकास! फक्त इथे पावसाळी हवा आहे, सकाळी डबा उघडला तर सगळ्या नरम.

भट्टीकर :

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरल्या असतील तर आतल्या वाफेने होतं. तसं नसेल तर हवा. १५० अंशांवर चार-पाच मिनिटं गरम करा, गार झाल्या की कडा परत कुरकुरीत होतील. पावसाळ्यात सगळ्या एकदम भाजूच नका. गोळे वळून फ्रीजरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा, महिनाभर सहज राहतात. लागतील तेवढे काढून तसेच गोठलेले ओव्हनमध्ये, दोन मिनिटं जास्त.

नवी_सून :

कढईत जमल्या! सासूबाईंनी दोन घेतल्या. घरात चार वर्षांची पुतणी आहे, तिच्यासाठी मिरी काढून टाकू का?

खडीसाखर :

मिरी काढ आणि सुंठ निम्मी कर, दालचिनी तेवढीच ठेव. मोठ्यांच्या वाटणीला मिरी वेगळी हवी असेल तर पीठ दोन भागांत करून एका भागात भरड मिरी हलक्या हाताने मिसळ. बटरमधल्याइतकी मुरत नाही, पण चालून जातं.